दिवसातून तीन वेळा पाणी

१० ऑक्टोबर

वर्षश्राद्धाच्या फळ्यांवर बीजाक्षरे लिहीत बसलो होतो. तिसऱ्या फळीवरचा ‘अ’ अजून ओला असतानाच तोकुए-सान चढण चढून आल्या. वय चौऱ्याऐंशी, हातात काठी, पाठीवर कापडी गाठोडे. आणि त्या गाठोड्यात, आजारी मूल आणावे तसा जपून आणलेला, चहाच्या पाण्याचा विजेचा पॉट.

हा पॉट साधा नाही. तोकुए-सान मठाच्या खाली, ओढ्याकाठच्या खोलगट जागेत एकट्या राहतात. मुलगा शिगेनोरी ओसाकात रेल्वेच्या नोकरीत. वडील वारले त्या वर्षी त्याने हा पॉट आणून दिला. त्यातून पाणी काढले की त्याच्या फोनवर बातमी जाते: आई उठली, आईने चहा घेतला. मायलेकांत तेव्हाच ठरले आहे की, दोन दिवस बातमी आली नाही तर तो येईल आणि आईला आपल्या आठव्या मजल्यावरच्या घरी कायमची घेऊन जाईल. आठव्या मजल्यावर मी पाय कुठे रोवू, असे त्या मला अनेकदा विचारतात. खालच्या दगडी बांधावरची चहाची झुडपे आणि लिंबाची नऊ झाडे त्यांनी स्वतः लावलेली आहेत.

“पाणी तापतंय, पण बातमी जात नाही,” त्या म्हणाल्या. काल संध्याकाळपासून हे चालले आहे. मुलाचा फोन आला तेव्हा पोट बिघडले म्हणून चहा घेतला नाही, असे सांगून त्यांनी वेळ मारून नेली. हाती उद्याचा एकच दिवस उरला आहे.

मठाच्या पुजाऱ्याला यंत्रांतले काय कळते, असे मी म्हणालो.

“तुम्हाला कळत नाही ते ठाऊक आहे, ओजू-सान. तुम्ही तात्सुमीला बोलवा. मी बोलावलं तर तो उद्या येईल. मठातून निरोप गेला तर आज.”

तात्सुमी-सान यांचे पुलाजवळ विजेच्या वस्तूंचे दुकान होते. एकेचाळीस वर्षे चालवून पाच वर्षांपूर्वी त्यांनी ते बंद केले. निरोप पाठवला. आज पाहुण्यांकडे गेले आहेत, उद्या सकाळी येतील.

निघण्यापूर्वी तोकुए-सान स्वयंपाकघरात डोकावल्या. भाताच्या कुकरचे झाकण उघडून पाहिले आणि पुन्हा लावले. तो कुकर माझ्या पत्नीच्या, हारुनोच्या, वापरातला. त्याच्या घड्याळाची बॅटरी आतच डाग देऊन पक्की केलेली असल्याने बदलता येत नाही. तो अहोरात्र शून्य वाजल्याचे दाखवतो. हारुनोला जाऊन दीड वर्ष झाले. मी एकभुक्त राहतो. तथागतांच्या भिक्षूंनाही मध्यान्हानंतर अन्न वर्ज्यच होते.

११ ऑक्टोबर

तात्सुमी-सान यांनी पॉट उपडा केला आणि हसले. तळाचे स्क्रू तीन कोनांचे. बाजारातले कोणतेही हत्यार लागू पडू नये, अशी ती योजना. त्यांनी खिशातून सायकलच्या आऱ्याला कानस लावून घडवलेले स्वतःचे हत्यार काढले. चाळीस वर्षांत अशी सात प्रकारची हत्यारे करावी लागली, म्हणाले. तळ उघडला. बातमी पाठवणारा भाग काळ्या राळेत बुडवून दगडासारखा घट्ट केलेला.

“इथे माझं शास्त्र संपलं,” ते म्हणाले. “पूर्वी पंखा आजारी पडायचा. आताच्या वस्तू आजारी पडत नाहीत, एकदम मरतात. डॉक्टरला आत घेतच नाहीत.”

त्यांनी कंपनीला फोन केला. पलीकडचा आवाज अत्यंत विनयशील होता. वस्तूचे उत्पादन थांबल्यावर काही ठरावीक वर्षे सुटे भाग ठेवतात. ती वर्षे दोन वर्षांपूर्वी संपली. असा नवा पॉट आता मिळत नाही. बातम्या पोहोचवण्याची ही सारी व्यवस्थाच मार्चअखेर बंद होणार आहे. क्षमा मागून त्या आवाजाने निरोप घेतला.

तळ पुन्हा बसवून तात्सुमी-सान यांनी पॉट आमच्या स्वयंपाकघरात लावला आणि पेलाभर पाणी काढले. पॉटने एक छोटी धून वाजवली. दहा मिनिटांत तोकुए-सान यांचा फोन वाजला. शिगेनोरी विचारत होता, पोट आता बरे आहे ना?

याचा अर्थ मठाच्या उंचीवरून बातमी जाते, खालच्या खोलगटातून जात नाही. खात्री करण्यासाठी तात्सुमी-सान पॉट घेऊन एकटेच खाली तोकुए-सान यांच्या घरी गेले आणि परत आले. तिथून जात नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. इतक्या लवकर ते परतले की त्यांच्या गुडघ्यांचे मला नवल वाटले.

मग तोकुए-सान माझ्याकडे वळल्या. “तुम्ही काढा पाणी, ओजू-सान. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मार्चपर्यंत.”

हे असत्य होईल, असे मी म्हणालो. मुलाला वाटेल आईने चहा घेतला.

“तुम्हाला काही बोलायचंच नाहीये. पाणी काढायचं, चहा करायचा, प्यायचा. यात खोटं कुठे आलं? आणि नुसतं बटण दाबून पाणी ओतून देऊ नका हं. माझ्या घरात पाणी वाया जात नाही.”

तात्सुमी-सान छताकडे पाहत होते. मी मान तुकवली. या बाईंना आठव्या मजल्यावर नेऊन ठेवणे म्हणजे मुळासकट उपटणे आहे, हे मला दिसत होते.

१४ ऑक्टोबर

रोज सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी पहिले पाणी काढतो. सहाला घंटा होते, तिचा नाद विरला की लगेच.

दशकुशल शीलांचा विचार तीन दिवस चालला आहे. दहापैकी तीन देहासाठी, चार जिभेसाठी, तीन मनासाठी. असत्य न बोलणे हे जिभेचे शील. बोटाने सांगितलेल्या असत्याची गणना कुठे करावी, हे मला कोणत्याही भाष्यात सापडले नाही. आचार्यांच्या काळी अशी बोटे नव्हती.

हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे की घंटाही मी वाजवत नाही. आठ वर्षांपूर्वी माझा खांदा जखडला, तेव्हा हारुनोने हट्टाने घंटेवर आदळणाऱ्या लाकडी ओंडक्याला यंत्र बसवून घेतले. ठरल्या वेळी ते ओंडका मागे ओढते आणि सोडते. सहा ठोके, समान अंतराने, समान जोराने. गावाला वाटते मठ जागा आहे. त्या वेळी मी कधी कधी अंथरुणातच असतो. या असत्याबद्दल आजवर मला कोणी विचारले नाही, आणि मीही नाही.

१९ ऑक्टोबर

तोकुए-सान एक दिवसाआड डबा आणू लागल्या आहेत. लोणच्याचा मुळा, रताळ्याचे काप, भाताचे गोळे. मी नेहमीप्रमाणे परत करू लागलो, तर म्हणाल्या की पॉट तुमच्या फळीवर राहतो, त्याचे हे भाडे आहे. भाडे परत केले तर पॉट उचलून न्यावा लागेल. मी डबा ठेवून घेतला.

ऑगस्टमधल्या पितरांच्या सणात सभामंडपात मला घेरी आली होती. तेव्हाही गावातल्या स्त्रियांनी भांडी भरभरून आणली आणि मी ती तशीच परत पाठवली. नगर कार्यालयातली एक बाई तर गळ्यात घालायचे लाल बटण घेऊन आली. पडलात तर दाबा, म्हणाली. मी तिला नम्रपणे सांगितले की ज्याने साठ वर्षे लोकांना अनित्यता शिकवली, त्याने स्वतःच्या गळ्यात गुरासारखी घंटी बांधून घेणे शोभत नाही. तिला दारापर्यंत पोहोचवायला तोकुए-सान गेल्या. बराच वेळ फाटकाशी दोघी बोलत होत्या.

भाड्याचा प्रश्न वेगळा. तो न्यायाचा आहे.

७ नोव्हेंबर

शिगेनोरीचा फोन मठावर आला. सगळे उघडे पडले, असे मला वाटले. पण त्याला वडिलांच्या श्राद्धफळीबद्दल विचारायचे होते. ते झाल्यावर म्हणाला, तिकडे थंडी पडली असेल, तुम्ही जेवता ना वेळेवर? मी म्हणालो, जेवतो. पुढे विचारले, रात्री झोप लागते? आईच्या मठातल्या गुरूची मुलाने इतकी विचारपूस करावी, हे आजच्या काळात दुर्मीळ. तोकुए-सान यांनी त्याला उत्तम वळण लावले आहे.

फोन ठेवल्यावर मात्र मन खिन्न झाले. इतक्या सरळ माणसाला मी रोज तीन वेळा फसवतो.

२२ नोव्हेंबर

काल नियमाचा उपवास होता, त्यामुळे संध्याकाळचे पाणी काढायचे राहिले. आज सकाळी तोकुए-सान डब्याशिवाय, नुसत्या रागाने भरलेल्या, वर आल्या.

“काल तिसऱ्यांदा पाणी का नाही काढलं?”

तुम्हाला कसे कळले, असे विचारले. शिगेनोरीचा फोन आला होता, म्हणाल्या. तो रेल्वेतला माणूस. एक गाडी चुकली तरी त्याच्या लक्षात येते. मी क्षमा मागितली. उपवासाच्या दिवशी नुसते गरम पाणी प्यायला शास्त्राची ना नाही, हेही त्यांनी मला सुनावले, आणि ते खरेच आहे.

८ डिसेंबर

आज सुयांचे श्राद्ध. वर्षभरात मोडलेल्या सुया बायका घेऊन येतात, मऊ टोफूत टोचतात, आणि मी मंत्र म्हणतो. कठीण कापडात जन्म घालवलेल्या सुईला शेवटी मऊ जागा मिळावी, एवढाच त्यातला भाव.

यंदा सुयांबरोबर इतरही वस्तू आल्या. केस वाळवायचे यंत्र, दोन कुकर, हवा दमट ठेवणारा डबा, आणि बोलून दाखवणारे न्हाणीघराचे यंत्र. ते आता एकच वाक्य अर्ध्यावर तोडून बोलते. तात्सुमी-सान यांनी अट घातली की प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या हाताखालून जाईल. जिवंत वस्तूचे श्राद्ध ते होऊ देणार नाहीत. दिवसभर ओसरीवर बसून त्यांनी केस वाळवायचे यंत्र आणि एक कुकर वाचवला. बाकीच्या उघडल्याच नाहीत. कुठे चिकटवलेले, कुठे वितळवून जोडलेले, कुठे स्क्रूच नाही.

मी प्रवचनात म्हणालो की सुई काय आणि यंत्र काय, जे संयोगातून झाले ते वियोगाला जाणारच. तात्सुमी-सान नंतर चहा घेताना म्हणाले, “तुमचं बरोबर आहे, पण सुई मोडते ती काम करून. ही मोडतात ती आत कुणाला येऊ देत नाहीत म्हणून.”

“माणसांतही असलं मॉडेल असतं,” तोकुए-सान म्हणाल्या आणि माझा पेला भरला.

त्यांचे दिवंगत पती खरोखरच फार अबोल होते.

३ जानेवारी

नववर्षाचे विधी पार पडले. रेल्वेच्या माणसाला या दिवसांत सुट्टी नसते, म्हणून शिगेनोरी आला नाही; आला असता तर पॉट कुठे लपवायचा, ही चिंता मला डिसेंबरभर होती. तोकुए-सान यांना ती अजिबात नव्हती. त्यांचे धैर्य पाहून मी ओशाळतो.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती इथे लिहिली नाही तर कुठेच सांगितली जाणार नाही. पहाटे पाय थंडीने आखडलेले असतात तेव्हा उठावेसे वाटत नाही. ध्यानासाठी उठावेसे वाटत नाही, हे म्हणायला साधकाला लाज वाटायला हवी. पण सहा-पाचचे पाणी मात्र मी चुकवत नाही. हारुनो गेल्यापासून या स्वयंपाकघरात कोणी माझी वाट पाहत नव्हते. आता त्या धुनीनंतर ओसाकातल्या कोणा माणसाचा दिवस सुरू होतो. तो वाट माझी पाहत नाही, आईची पाहतो, हे मला पक्के ठाऊक आहे. उसन्या नावावर आलेले पत्र उघडून वाचावे, तसे हे सुख आहे.

त्या पाण्यातून मी आता चार पेले चहा घेतो. भाताचे गोळे निखाऱ्यावर भाजतो. तात्सुमी-सान परवा म्हणाले, गाल भरले तुमचे.

४ फेब्रुवारी

दोन दिवस खोकला. काल वसंतारंभाच्या विधीत अरिष्ट घालवायला दाणे फेकताना आवाज बसला. बर्फ गुडघाभर. डबा घेऊन वर येऊ नका, असे मीच तोकुए-सान यांना निक्षून सांगितले. पाणी तीन वेळा काढले, पण गिळवले नाही. नियम मोडून ओतून दिले.

१९ फेब्रुवारी

काल इस्पितळातून परत आलो. पाच तारखेचे स्मरण आहे तोवर लिहून ठेवतो.

त्या पहाटे पाणी काढायला उठलो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलो. शुद्ध होती, पण पायांत काही नव्हते. गाल फळीला टेकलेला, श्वास घेताना फासळीत कळ. फळीखालून येणारी थंडी हळूहळू अंगात शिरत होती.

मग घंटा सुरू झाली. सहा ठोके, समान अंतराने, समान जोराने. मी जमिनीवर पडून तिचे शब्द ऐकत होतो: मठ जागा आहे, पूजा सुरू झाली आहे, सर्व ठीक आहे. खाली गावात लोक ते ऐकून निश्चिंत मनाने आपापल्या चुली पेटवत असतील. आठ वर्षे ती हेच सांगत आली. त्या सकाळी ती एक ठोका जरी चुकली असती, तरी कोणीतरी वर पाहिले असते.

पॉट समोरच्या फळीवर होता, माझ्यापासून सहा-सात हातांवर. त्याचा लहान हिरवा दिवा दिसत होता. मला मृत्यूचे भय वाटले नाही असे नाही, पण त्याहून मोठे भय दुसरेच होते. आज बातमी गेली नाही, उद्याही गेली नाही, तर शिगेनोरी येईल आणि तोकुए-सान यांना घेऊन जाईल. नऊ झाडे, बांध, झुडपे, सारे माझ्या आजारपणापायी जाईल. मी कोपरांवर सरपटू लागलो. बीजाक्षर मनात धरले, एका श्वासाला एक हात. चार हात गेलो असेन. फळीपर्यंत हात पोहोचला नाही.

किती वेळ गेला कळले नाही. दार आपटले आणि तात्सुमी-सान आत आले, पायांत वेगवेगळे बूट, डोक्यावर बर्फ. मला पाहून खाली बसले आणि काही क्षण नुसता माझा हात धरून राहिले. त्यांच्या मागून तोकुए-सान, काठी आणि भिंतीच्या आधाराने. त्या वयात, त्या बर्फात, ती चढण त्या कशा चढल्या हे मला अद्याप समजत नाही.

“पॉट,” मी म्हणालो. “बटण दाबा. अजून वेळ आहे.”

तोकुए-सान यांनी चेहरा फिरवला. नंतर मला धून ऐकू आली.

निमोनिया होता, आणि त्याहून जुना अशक्तपणा. आणखी दोन तास गेले असते तर, एवढे बोलून डॉक्टरांनी वाक्य सोडून दिले. तात्सुमी-सान त्या सकाळी नेमके कसे आले, असे मी विचारले. दिव्याची तार बघायला आलो होतो, म्हणाले. गुडघाभर बर्फात, सकाळी सातला, तार बघायला. बोधिसत्त्व क्षितिगर्भाची करुणा कोणत्या रूपाने येईल, सांगता येत नाही.

इस्पितळातले पहिले दोन दिवस मी तळमळत होतो की बातमी कशी गेली असेल. तिसऱ्या दिवशी तात्सुमी-सान भेटीला आले. म्हणाले, काळजी सोडा, पॉट खाली तोकुए-सानच्या घरी नेऊन ठेवलाय, तिथून रोज जातेय बातमी.

तिथून तर जात नव्हती, मी म्हणालो.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. “हवा कोरडी आहे सध्या,” म्हणाले.

आज पॉट पुन्हा आमच्या फळीवर आहे. हवा दमट झाली असावी.

२ मार्च

ती सकाळ मनातून जात नाही. त्या दिवशी माझ्या हातून बटण दाबले गेले नाही, तरी कोणाचे काही बिघडले नाही. पण उलट झाले असते तर? तोकुए-सान आपल्या घरी पडल्या असत्या आणि मी वर बसून सहा-पाचला आनंदाने पाणी काढले असते तर? मुलगा निश्चिंत, आई जमिनीवर. ही शक्यता मला पाच महिने दिसली नाही. मी शील जिभेचे की बोटाचे, हा काथ्याकूट करत बसलो होतो.

शिगेनोरीला सर्व सांगायचे ठरवले आहे. संपातदिनाला तो वडिलांच्या समाधीवर येईल. तोकुए-सान यांना न विचारता सांगेन; विचारले तर त्या अडवतील. त्यांना जावे लागले तर तो दोष माझा. पण त्यांना जावे लागू नये, अशी विनवणी मी त्याला करेन, गुडघे टेकून.

२१ मार्च

सांगितले.

समाधीची पूजा झाल्यावर शिगेनोरी आणि तोकुए-सान चहाला बसले होते. मी दोन्ही हात जमिनीला टेकवले आणि ऑक्टोबरपासूनचे सारे सांगितले. पॉट मठात आहे, पाणी मी काढतो, तुझ्या विश्वासाचा मी अपराधी आहे. आईला नेऊ नकोस. त्याऐवजी मी रोज दोनदा खाली उतरून त्यांना डोळ्यांनी पाहून येईन आणि तुला स्वतः फोन करेन.

त्याने ताबडतोब स्वतःचेही हात जमिनीला टेकवले. बावन्न वर्षांचा माणूस, डोळे ओले.

“ओजू-सान, रोज सकाळी सहा-पाचला माझा फोन वाजायचा. मी फलाटावर असायचो. ती बातमी आली की पहिल्या गाडीला बावटा दाखवायचो. पाच फेब्रुवारीला ती आली नाही, तेव्हा बावटा खाली ठेवून मी आधी आईला फोन लावला. तुम्ही माझी माफी मागू नका. मला ते सोसणार नाही.”

आईवरचे हे प्रेम पाहून मी हात जोडले. आणि आईला नेणार का, असे विचारले.

“हिला? हिला नेणारा अजून जन्मायचाय. मी रोज तिला फोन करतो, ती रोज मला झापते. तेवढ्यावर आमचं चाललंय.”

तोकुए-सान बाहीत तोंड लपवून खोकत होत्या. खोकला बराच वेळ चालला. माझ्याकडून संसर्ग झाला नसावा, अशी आशा करतो.

इतक्या सहज क्षमा करणारा माणूस मी पाहिला नाही. एकच गोष्ट त्याने दोन-तीनदा विचारली, चिंतेने: एकतीस तारखेला ही व्यवस्था बंद होते. मग कसं करायचं? मी म्हणालो, आता तर तुला सर्व ठाऊक आहे, पॉटचे काम संपले. त्याने आईकडे पाहिले. आईने तात्सुमी-सान यांच्याकडे पाहिले, ते दारात उभे होते.

३१ मार्च

सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाणी काढले. शेवटच्या वेळी पेला पूर्ण भरला. धून वाजली. उद्यापासून ती वाजेल, पण कुठे जाणार नाही.

तात्सुमी-सान यांनी विचारले, याचे श्राद्ध डिसेंबरात घालायचे का? मी म्हणालो, पाणी तापवतो तोवर जिवंत आहे. राहू द्या फळीवर.

नंतर घंटेकडे गेलो. एक असत्य कबूल केले आणि दुसरे चालू ठेवले, तर ते कबूल करणे अर्धेच. मी तात्सुमी-सान यांना यंत्राची तार सोडवायला सांगितली. खांद्याचे काय, म्हणाले. खांद्याला जमेल तशी वाजवीन, मी म्हणालो. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी वाजणार नाही, आणि गावाला खरे ते कळेल.

ते हत्यार आणायला इतक्या घाईने धावले की एक चप्पल पायरीवरच राहिली.

१ एप्रिल

सहाला दोन मिनिटे कमी असताना घंटेखाली उभा राहिलो. आठ वर्षांनी दोर हातात घेतला. पहिला ठोका हलका पडला, दुसरा वाकडा. तिसऱ्याला खांद्यात कळ आली, म्हणून थांबलो; दम घेऊन चौथा दिला. खाली धुक्यात तोकुए-सान यांच्या घराच्या दाराची फळकुटे सरकली. त्या अंगणात आल्या, लिंबाच्या झाडांपाशी उभ्या राहिल्या.

पाचवा. सहावा.

इतके वेडेवाकडे ठोके या गावाने कधी ऐकले नसतील. त्या हसत असाव्यात असे दुरून वाटले. हातात फोन होता; पलीकडे शिगेनोरीच असणार. तो कानाला लावायचा सोडून, हात उंच करून, डोंगराकडे, माझ्या दिशेने धरला होता. या वयात या वस्तू कशा धरायच्या हे कळत नाही माणसाला.

सहा झाले होते. पण त्यांचा हात खाली येईना, म्हणून मी सातवा ठोका दिला.